टाकीपासून डावीकडे

"चौदा नंबरच्या बाईंचा फोन आहे," कोळंबकरबाईंनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "टाकी सापडत नाही म्हणतायत."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. मी हॉटेलच्या काउंटरला टेकून, मीच लिहिलेली पुस्तिका मीच वाचत होतो. त्या आठवड्यात हा उद्योग मी बऱ्याचदा करत असे.

"बोला किबेबाई."

"अहो भैया, तुमच्या पुस्तकात लिहिलंय तशी मी बरोबर चालत आले. बाजार ओलांडला. आता पुढे लिहिलंय, जुन्या पाण्याच्या टाकीपासून डावीकडे वळावे. अर्धा तास टाकी शोधतेय मी. इथे टाकी वगैरे काहीच नाही."

"टाकी नाहीच आहे बाई. ती पाडली."



"कधी?"

"झाली की तीस वर्षं."

"मग मी वळू कुठे?"

"टाकीपाशी," मी म्हणालो.

हे उत्तर मी पूर्ण शुद्धीवर, भर सकाळी, नाश्ता झालेला असताना दिलं. या गोष्टीला पंचवीसहून जास्त वर्षं झाली, पण आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

ही पुस्तिका कशी जन्माला आली ते सांगायला हवं. साल सत्त्याण्णव, गाव सोलापूर. मी सत्तावीस वर्षांचा, मराठी घेऊन एम. ए. झालेला आणि त्यामुळे रिकामा. स्टेशनपासून जरा आत 'अमृतसिद्धी' नावाचं अठ्ठावीस खोल्यांचं हॉटेल होतं. त्याचे मालक अप्पा शीलवंत चादरी-टॉवेलवाल्या व्यापाऱ्यांबरोबर बँकॉकला जाऊन आले. परत येताना बाकीच्यांनी हॉटेलातले साबण आणले. अप्पांनी खोलीतली माहितीची पुस्तिकाच बॅगेत घातली. नळाचं पाणी प्यावं की नाही, देवळात चपला कुठे काढाव्यात, बाजार कधी उघडतो, दुखलंखुपलं तर डॉक्टर कुठे, सगळं त्यात होतं.

"बगा सर," अप्पा मला म्हणाले. एम. ए. झाल्यापासून ते मला सर म्हणत. "माणूस परक्या गावात उतरला की त्याला काय पायजे? ह्येच्यात सगळं हाय. आपल्या गावाचं असंच करा. भाषा जरा भारदस्त घाला."

भाषा मी भारदस्त घातली. पंधरा दिवस खुर्चीत बसून शहराची सोळा पानं लिहिली. एकदाही बाहेर पडलो नाही. गाव माझंच होतं, बघायचं काय त्यात. 'जुन्या जकात नाक्यावरून सरळ', 'रत्नमाला टॉकीजच्या मागील बाजूस', 'पाण्याच्या टाकीपासून डावीकडे.' नाका हलला होता, टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय झालं होतं आणि टाकीचं सांगितलंच. छापण्याआधी चार सोलापूरकरांनी मजकूर तपासला: अप्पा, मॅनेजर, छापखान्याचे गड्डम आणि माझे हेडमास्तर मामा. मामांनी ऱ्हस्वदीर्घाच्या एकोणीस चुका काढल्या. टाकीपाशी कोणी अडखळलं नाही. अडखळणार कसे? आम्ही पाचही जण जन्मभर तिथूनच डावीकडे वळत आलो होतो.

कोळंबकरबाईंना कोणी विचारलं नाही. त्या हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर बसत. चाळिशीच्या, मालवणकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. पुस्तिका निघाल्यावरही पाहुण्यांना रस्ता त्याच सांगत. हा मला माझ्या सोळा पानांचा अपमान वाटला. मग मी एक पाटी तयार करून त्यांच्या डोक्यावर लावली: 'शहराची माहिती खोलीतील पुस्तिकेत पाहावी. काउंटरवर चौकशी करू नये.' बाईंनी मान वर करून पाटी वाचली, "बरं," म्हणाल्या आणि विणकाम हातात घेतलं.

आणि मग मृणालिनी किबे आल्या. इंदूरच्या, वय बेचाळीस. पुस्तिका निघाल्यापासून अप्पांनी मला काउंटरवरच बसवलं होतं. आदल्या संध्याकाळी नोंद करतानाच त्यांनी मला सगळं सांगून टाकलं, एकटा प्रवास करून आलेलं माणूस सांगतं तसं. यजमान गेल्याला सहा वर्षं झाली होती. ज्या शाळेत त्या गाणं शिकवत ती बंद पडली. मुलगी नववीत, सध्या नणंदेकडे ठेवलेली, आणि नणंदेच्या घरात आता रोज ताटांचे आवाज जरा जास्त होत होते. सोलापुरात मथुराबाई कन्या प्रशालेत संगीतशिक्षिकेची जागा निघाली होती, आवारातच राहायची खोलीसुद्धा. वयाची अट त्रेचाळीस. मुलाखत सकाळी अकराला.

"वेळेला फार कडक आहेत म्हणे," त्या म्हणाल्या. "पत्रात खाली रेघ मारून लिहिलंय, उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही."

सकाळी साडेनऊला त्या काउंटरवर आल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. त्या दिवशी रिक्षांचा बंद होता. त्यांनी कोळंबकरबाईंना विचारलं, "शाळेला चालत कसं जायचं हो?" बाईंनी सुया खाली ठेवल्या, तोंड उघडलं, आणि मी मध्ये पडलो.

"सगळं पुस्तिकेत आहे बाई. पान सात. चालत वीस मिनिटं."

कोळंबकरबाईंनी तोंड मिटलं.

तर आता दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि किबेबाई नसलेल्या टाकीखाली उभ्या होत्या.

"तुम्ही कोणाला विचारलंत का?" मी फोनवर विचारलं.

"सहा जणांना विचारलं. सगळे म्हणतात, ही काय इथेच टाकी. एकजण तर बोट दाखवून गेला. बोटाच्या टोकाला काही नव्हतं भैया." त्यांचा आवाज आता पातळ झाला होता. "मी मग एकदा डावीकडे वळले, एकदा नाही वळले. आता बाजारही कुठे राहिला ते कळत नाही."

"थांबा तिथंच. मी लूना काढतो. आसपास काय दिसतंय?"

"औषधांचं दुकान आहे, तिथूनच फोन करतेय. समोर निळ्या शटरचं दुकान. त्याच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ छत्र्या दुरुस्त करतायत. बाजूला भिंतीवर सिमेंटच्या जाहिरातीचा हत्ती काढलाय."

मी डोळे मिटून सगळं सोलापूर आठवून पाहिलं. मला मंडईची जुनी कमान दिसली, घोड्यांचा तबेला दिसला, कुठल्याशा गिरणीचा भोंगाही ऐकू आला. छत्रीवाला कुठे दिसेना. हत्ती तर मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"कोणता हत्ती?" मी विचारलं.

कोळंबकरबाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. हिसकावला नाही, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घेतात तसा घेतला.

"ताई, मी हॉटेलातली ऑपरेटर बोलतेय. घाबरू नका, पुष्कळ वेळ आहे. त्या हत्तीची सोंड कुठल्या बाजूला आहे? ... हां. मग तुम्ही बाजाराच्या पलीकडच्या अंगाला गेलायत, एवढंच. आता मी सांगते तसं करा. सोंडेच्या दिशेने निघा. उजव्या हाताला गाद्यांचं दुकान लागेल, बाहेर कापूस पिंजत असतात. ते ओलांडा. मग पिवळी एसटीडीची टपरी दिसेल. तिथे पोचा. मला फोन करायची गरज नाही, मीच करते."

रिसीव्हर ठेवला, लगेच उचलला, न बघता नंबर फिरवला.

मी दरवाजाकडे निघालो. "मी लूनावर जाऊन..."

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात तर मला दोघांना शोधायला लागेल."

मी बसलो.

"बाशाभाई, अमृतसिद्धीतनं कोळंबकर. ऐका, हत्तीकडनं एक बाई येतायत. निळ्या काठाची पांढरी साडी. घाईत असतील. हां, पाहुण्या आहेत. तुम्ही जरा टपरीबाहेर या... उठवत नाही? मग बसल्या जागी कुबडी वर धरा. दिसली पाहिजे त्यांना. आणि शाळेकडे पुढं काढा, त्या लोखंडी फाटकाच्या गल्लीतनं. टाकीबिकी काही सांगू नका."

पलीकडून बाशाभाई काहीतरी बोलले.

"माहीत आहे, तुम्ही तिथलेच आहात," बाई म्हणाल्या. "म्हणूनच सांगतेय."

दहा पस्तीस. दहा अडतीस. मी घड्याळाकडे बघत होतो, बाई फोनकडे. मॅनेजर येऊन विचारून गेला की सतरा नंबरला गरम पाणी येत नाही, काय करायचं.

दहा त्रेचाळीसला फोन वाजला. बाशाभाईंचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला. "भाभी, आल्या, आल्या. पाणी दिलं, घेतलं नाही. फाटकात वळल्या. चप्पल तुटलीय त्यांची, अनवाणी निघाल्यात."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि पुढचा नंबर फिरवला. हा शाळेसमोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा होता. दुकानदार कोंडा यांना त्यांनी सांगितलं की गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. दुकानात गिऱ्हाईक आहे, असं कोंडा म्हणाले असावेत.

"गिऱ्हाइकालाच उभं करा मग," बाई म्हणाल्या. "बायकांपैकी आहे का कोणी? आहे ना. त्यांच्याकडे जोडी असेल पायात, तर विचारा दोन तासांकरिता देतील का. हो, चपलाच म्हणतेय. मुलाखतीला अनवाणी कशी जाईल ती?"

असं काही कोणाला फोनवर सांगता येतं, हे मला माहीत नव्हतं. सांगितलेलं लोक करतात, हे तर नव्हतंच.

दहा सत्तावन्नला कोंडांचा फोन आला. "गेल्या आत. शाळेच्या फाटकातनं पळतच गेल्या. चपला जरा मोठ्या होत्यात, पण चालून जातील."

कोळंबकरबाईंनी रिसीव्हर ठेवला. सतरा नंबरच्या गरम पाण्याचं काय ते बघायला माणूस पाठवला. मग विणकाम घेतलं. दोन टाके चुकले, ते त्यांनी उसवले.

मी पाटी काढली. तिच्यामागे चार चुका लपवलेल्या असाव्यात तशी ती काखेत घेऊन उभा राहिलो.

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?" बऱ्याच वेळाने मी विचारलं. "मी इथे जन्मलो."

"म्हणूनच तुम्हाला नाही."

मग त्यांनी सांगितलं, सुयांवरची नजर न काढता. लग्नानंतर महिन्याने त्या एकट्या मालवणहून आल्या, ट्रंक घेऊन. यजमानांचं पत्र होतं: एसटीतून उतरलीस की टाकीपाशी थांब, मी गिरणीतून सुटलो की येतो. त्या विचारत विचारत आल्या. लोक म्हणाले, हीच टाकी. त्यांनी वर पाहिलं, आकाश होतं. पुढे गेल्या. पुढचे म्हणाले, मागे गेली टाकी. मागे आल्या. साडेतीन तास ट्रंक उचलून त्या दोनशे पावलांत इकडून तिकडे करत होत्या आणि यजमान बरोबर मधोमध उभे राहून बायको आली नाही म्हणून काळजी करत होते.

"मला वाटलं, हे गाव मिळून माझी चेष्टा करतंय. परतीच्या गाडीत जाऊन बसले होते मी. कंडक्टरने घंटी मारली होती."

"मग?"

"मग काय. खिडकीतनं दिसले. टाकीखाली उभे." त्या थोडंसं हसल्या. "त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघं फिरायला जायचो. ते म्हणायचे, इथे अमुक होतं, तिथे तमुक होतं. मी म्हणायचे, होतं ते राहू दे, आहे काय ते दाखवा. ते गेले, तरी मी जाते. दुकानं बदलतात हो. लक्ष ठेवायला लागतं."

मग सुया थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तेव्हापासून एक विचारायचं राहिलंय मला. दिसायला कशी होती हो ती टाकी?"

मी सांगायला तोंड उघडलं. दगडी, म्हणणार होतो. की लोखंडी. उंच नक्कीच असणार. मग माझ्या लक्षात आलं की टाकी सदुसष्ट साली पाडली आणि माझा जन्म सत्तरचा.

"मी पाहिलेली नाही," मी म्हणालो.

बाईंनी मान डोलावली. हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी पुस्तिकेचं पान सात उघडलं, वाचलं, मिटलं. सोळाही पानांत मी स्वतः बघून लिहिलेली एकच गोष्ट होती: हॉटेलचा फोन नंबर.

किबेबाई अडीचला आल्या. पायात दुसऱ्याच कोणाच्या चपला, केस विस्कटलेले. मी माफी मागायचं वाक्य दुपारभर घोटून ठेवलं होतं, भारदस्त. त्यांनी हाताने थांबवलं आणि काउंटरसमोरच्या सोफ्यावर बसल्या.

"अकरा जणी होतो आम्ही," त्या म्हणाल्या. "बाकी सगळ्या माझ्याहून तरुण. प्रत्येकीला वर्गातल्या तीस मुलींसमोर उभं केलं, एक प्रार्थना दिली, म्हणाले करून दाखवा. काय गायल्या एकेक. ताना काय, आलाप काय. माझा नंबर पहिला होता, आणि माझ्या अंगात श्वासच नव्हता हो. मी एक ओळ म्हटली आणि पुढे सूरच फुटेना. मग काय करणार? मुलींनाच म्हणायला लावलं. एक ओळ त्या म्हणायच्या, मी नुसती मान हलवायची. चुकलं की हाताने दाखवायचं. दहा मिनिटांत सगळा वर्ग म्हणायला लागला."

"मग?" कोळंबकरबाईंनी विचारलं.

"हेडबाई म्हणाल्या, बाकीच्या दहाजणी छान गातात. तुम्ही शिकवता." किबेबाईंनी पिशवीतून पत्र काढलं आणि सोफ्याच्या हातावर ठेवून हाताने सरळ केलं. "जूनपासून हजर व्हायचंय. खोली पाहिली. लहान आहे. खिडकीत दोघींना बसता येतं."

मॅनेजर सतरा नंबरची किल्ली घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला. मग किबेबाई उठल्या, काउंटरच्या आत शिरल्या, आत यायची परवानगी नव्हती तरी, आणि कोळंबकरबाईंचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या.

"तुमचाच आवाज ना तो?"

"हो."

"मी शेवटपर्यंत तुमचं ते एकच वाक्य म्हणत पळत होते. पुष्कळ वेळ आहे, पुष्कळ वेळ आहे."

"नव्हता," कोळंबकरबाई म्हणाल्या. "पण तसं सांगून काय उपयोग होता?"

मग इंदूरला फोन लावून दिला. मुलीचं नाव गार्गी. किबेबाई हळू आवाजात बोलत होत्या. शाळा कशी आहे, पेट्या किती आहेत, खोलीला खिडकी आहे. मग म्हणाल्या, "माणसं? माणसं चांगली आहेत गं. रस्ता सांगता येत नाही त्यांना, पण पोचवतात." हे त्या माझ्यासमोरच म्हणाल्या. मला राग आला नाही. आजवर आमच्या गावाबद्दल मी पुष्कळ लिहिलं, छापून आलं, लोकांनी कौतुकही केलं. इतकं नेमकं मला कधी जमलं नाही.

मग त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"ती म्हणतेय, परीक्षा झाली की एकटीच गाडीने येईन. विचारतेय, स्टेशनवरून शाळेपर्यंत यायचं कसं?"

त्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं; काही झालं तरी पुस्तिकेवर नाव माझं होतं. माझ्या जिभेवर रत्नमाला टॉकीज येऊन बसली. मी ती गिळली आणि फोन कोळंबकरबाईंकडे सरकवला.

"गार्गी का? ऐक बाळा. स्टेशनच्या बाहेर आलीस की आधी उभी राहा. कोणाला काही विचारू नकोस. समोर काय दिसतंय ते नीट बघ." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही लिहून घेताय ना?"

मी कागद ओढला होता, पेन उघडलं होतं.

"पहिल्यांदा डाव्या हाताला पोस्टाची लाल पेटी," त्या एकाच वेळी तिला आणि मला सांगू लागल्या. "तिच्या पुढे उसाच्या रसाचं दुकान, मग लिंबाचं झाड."

मी लिहिलं: लिंबाचं झाड.

"झाड नका लिहू," त्या म्हणाल्या. "परवा महापालिकेची माणसं त्याला तोडायचा आकडा घालून गेलीत. पुढच्या पावसाळ्यात असेल की नाही, सांगता येत नाही."

मी झाड खोडलं.